राजाज्ञा, शास्त्र आणि महाजनांचा निवाडा

धारवाडहून बेळगावकडे जाताना कित्तूर लागते. राणी चन्नम्मांमुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्यांच्या आधी सहाशेहून अधिक वर्षे, 1188 साली, या गावात शेताच्या एका तुकड्यावरून वाद झाला आणि त्याचा निकाल दगडावर कोरला गेला. गोव्याच्या कदंबांपैकी तिसरा जयकेशी तेव्हा राज्य करीत होता. कल्लेश्वर देवाचे आचार्य शिवशक्ती आणि मूलस्थान देवाचे आचार्य कल्याणशक्ती, दोघेही शेत आपल्याच देवाचे असल्याचे सांगत होते. दोघांनी दिव्य मान्य केले. आषाढ वद्य सप्तमीला, रविवारी, देगावेच्या मल्लिकार्जुनाच्या देवळापुढे महाजन जमले. शिवशक्तीने नांगराचा तापवून लाल केलेला फाळ हातात धरला आणि शेत कल्लेश्वराचे आहे, असे शपथेवर सांगितले. दुसऱ्या दिवशी महाजनांनी त्याचा हात तपासला, तो जिंकल्याचे ठरवले आणि शेत कल्लेश्वराकडे गेले. एकोणिसाव्या शतकात शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी हा लेख वाचून प्रसिद्ध केला.

धर्मशास्त्र वाचलेला माणूस या निकालापाशी अडखळतो. बृहस्पतीच्या नऊ दिव्यांत फाळाचे दिव्य आहे खरे, पण ते गाई चोरल्याचा आळ आलेल्यासाठी, आणि तिथे तापलेला फाळ जिभेने चाटायचा असतो, हातात धरायचा नसतो. स्मृतिकार पितामहाच्या वचनानुसार तर स्थावराच्या वादात दिव्य टाळायचे असते. जमिनीचा तंटा दस्तऐवज, वहिवाट आणि शेजारचे बांधकरी यांच्या आधारे सुटावा, असा त्याचा आशय. कित्तूरचे महाजन अडाणी होते आणि त्यांना हे माहीत नव्हते, असे मानायला काहीच आधार नाही. त्यांनी शास्त्र बाजूला सारले असेही म्हणता येत नाही. साक्षीपुराव्याने निकाल लागत नसेल तर मार्ग काय, हा प्रश्न शास्त्रकारांपुढेही होता आणि त्यांनी दिव्याची वाट पूर्ण बंद केलेली नव्हती. त्या वाटेने हे महाजन आपल्या रीतीने चालले.

या पुस्तकाचा विषय म्हणजे प्राचीन समाजांतला कायदा आणि न्याय. त्यात शिरण्यासाठी माझ्या मते हाच दगड योग्य आहे. प्राचीन कायदा म्हणजे राजाने दिलेली आज्ञा, किंवा प्राचीन कायदा म्हणजे ऋषींनी लिहिलेला ग्रंथ, अशा दोन समजुती आपल्याकडे घट्ट बसल्या आहेत. दोन्ही अपुऱ्या आहेत. राजाज्ञा होती, ग्रंथही होते. पण न्याय प्रत्यक्षात उभा राहायचा तो चार जाणत्या माणसांच्या बैठकीत, तिथल्या रूढीत आणि तिथल्या हितसंबंधांत. या तिघांची ओढाताण दिसली नाही तर प्राचीन न्यायाबद्दल एक तर अवास्तव अभिमान वाटतो, नाही तर सरसकट तिरस्कार.

ही ओढाताण जगभर दिसते. बाबिलोनच्या हम्मुराबीने (इ.स.पू. 1792 ते 1750) कोरवलेला काळा दगडी स्तंभ 1901-02 च्या हिवाळ्यात इराणमधील सूसा येथे सापडला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावरच्या 282 कलमांमुळे ‘जगातला पहिला कायदा’ असा त्याचा लौकिक झाला. तो खरा नाही, कारण ऊर-नम्मूची सुमेरी संहिता त्याहून सुमारे तीनशे वर्षे जुनी आहे. आणखी महत्त्वाची गोष्ट अशी की त्या काळच्या खरेदीखतांच्या, कर्जाच्या आणि निवाड्यांच्या मातीच्या विटा हजारोंनी मिळाल्या, पण त्यांत त्या कलमांचा हवाला जवळजवळ सापडत नाही. स्तंभ न्यायाधीशासाठी होता, की देवापुढे आणि पुढच्या पिढ्यांपुढे राजाची न्यायबुद्धी मिरवण्यासाठी, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. इजिप्तमध्ये संहिताच मिळालेली नाही. तिथे ‘मात’ ही सत्य आणि सुव्यवस्थेची कल्पना होती, आणि देर-अल-मदीना या कारागिरांच्या वस्तीत कामगारांचीच पंचायत आपापसातले तंटे तोडत असे.

ग्रीसमध्ये वेगळेच वळण दिसते. अथेन्सने निकाल चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शेकडो नागरिकांच्या हाती दिला. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड सुनावला तो अशाच मंडळाने. रोममध्ये सामान्यजनांनी लिखित कायद्याची मागणी लावून धरली, तेव्हा इ.स.पू. 451-450 मध्ये बारा पाट्या तयार झाल्या. त्याआधी कायद्याचे ज्ञान उमरावांतल्या पुरोहितांपुरतेच होते. चीनमध्ये 1975 साली शुईहूदी येथे चिन काळातल्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यात बांबूच्या हजाराहून अधिक पट्ट्या मिळाल्या. आरोपीला मारहाण न करता सत्य काढून घेणे हीच उत्तम चौकशी, असे त्यांतल्या एका मार्गदर्शिकेत बजावले आहे. ज्या चिन राजवटीची ख्याती क्रौर्याबद्दल आहे, तिच्याच कचेरीतला हा कागद आहे. हडप्पा-मोहेंजोदडोची लिपी वाचता येत नाही, तेव्हा तिथल्या न्यायाबद्दल काही न बोललेले बरे.

भारताकडे येताना आधी साधनांचा पसारा ध्यानात घ्यावा लागतो. धर्मसूत्रे, मग मनू, याज्ञवल्क्य, नारद, बृहस्पती आणि कात्यायन यांच्या स्मृती, त्यांवरच्या टीका, पुढे विषयवार निबंधग्रंथ, असा एक प्रवाह. दुसरा अर्थशास्त्राचा. कौटिल्याचा ग्रंथ शतकानुशतके नुसता नावाने माहीत होता. 1905 साली त्याची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि 1909 साली ग्रंथ छापला गेला. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली त्याची चिकित्सक आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. तिसरा प्रवाह शिलालेख-ताम्रपटांचा. यातच अशोकाची आज्ञा येते: खटल्याचे कामकाज आणि शिक्षा यांत समानता असावी आणि मृत्युदंड झालेल्याला तीन दिवसांची मुदत मिळावी. बौद्ध आणि जैन संघांचे अंतर्गत नियम हा चौथा प्रवाह. त्याकडे कायद्याच्या अभ्यासकांचे लक्ष फार उशिरा गेले.

यांतली याज्ञवल्क्यस्मृती नवख्या वाचकाने आधी हाती घ्यावी. आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त अशी तिची तीन कांडे आहेत, आणि न्यायाचा विचार व्यवहारकांडात येतो. दावा, प्रतिवादीचे उत्तर, पुरावा आणि निर्णय हे खटल्याचे चार पाद. उत्तराचेही चार प्रकार सांगितले आहेत: साफ नाकारणे, कबूल करणे, कबूल करून वेगळे कारण पुढे करणे (कर्ज घेतले होते पण फेडले, असे), आणि याच बाबीचा निकाल पूर्वी लागला आहे असे सांगणे. दिवाणी दाव्यात लेखी जबाब देणाऱ्या आजच्या वकिलाला हे चारही प्रकार ओळखीचे वाटतील. पुरावा तीन प्रकारचा: लेख, भोग म्हणजे वहिवाट, आणि साक्षी. दिव्य या तिन्हींच्या अभावी. दुसऱ्याने आपल्या डोळ्यांदेखत जमीन वीस वर्षे उपभोगली आणि आपण तोंड उघडले नाही तर हानी होते. जंगम वस्तूंसाठी ही मुदत दहा वर्षांची. स्नेहापोटी, लोभाने किंवा भयाने चुकीचा निर्णय देणाऱ्या सभासदांना, प्रत्येकाला वेगवेगळा, त्या वादातल्या दंडाच्या दुप्पट दंड आहे. न्यायाधीशाच्या जबाबदारीचा इतका रोखठोक विचार फार थोड्या जुन्या ग्रंथांत आढळतो.

न्यायसभांची उतरंडही तिथेच आहे. कुल म्हणजे भाऊबंद, श्रेणी म्हणजे एका धंद्यातले लोक, पूग म्हणजे एका गावातले नाना जातींचे आणि धंद्यांचे रहिवासी, आणि सर्वांवर राजा व त्याने नेमलेली सभा. खालच्या सभेचा निकाल पटला नाही तर वर जाता येई. श्रेणीची उदाहरणे देताना टीकाकार विड्याची पाने विकणारे, विणकर आणि चर्मकार यांची नावे घेतो. ज्यांना वेद शिकण्याचा अधिकार नाकारला होता, त्यांच्या बैठकीला निवाड्याचा अधिकार मात्र मान्य होता. ही विसंगती विसरून चालणार नाही.

तो टीकाकार म्हणजे विज्ञानेश्वर. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (1076 ते 1126) त्याने ‘मिताक्षरा’ लिहिली. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. कल्याणसारखे नगर नाही, विक्रमासारखा राजा नाही आणि विज्ञानेश्वरासारखा पंडित नाही, असे ग्रंथाच्या शेवटच्या श्लोकांत मोकळेपणाने म्हटले आहे. पुढच्या आठशे वर्षांनी या आत्मविश्वासाला पुष्टीच दिली. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ चालला. उरलेल्या बहुतेक भारतात हिंदू कुटुंबाच्या वाटणीचा शेवटचा शब्द ‘मिताक्षरे’चा राहिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हे तिचे सूत्र. ‘दायभागा’त तो बापाच्या मृत्यूनंतर येतो.

पण मला विज्ञानेश्वर मोठा वाटतो तो त्याच्या एका युक्तिवादामुळे. मालकी कशामुळे उत्पन्न होते, शास्त्राने सांगितल्यामुळे की लोकव्यवहारामुळे? तो म्हणतो, मालकी लौकिक आहे. सीमेपलीकडचे जे लोक आपले शास्त्र जाणतही नाहीत, तेही खरेदी-विक्री करतात आणि एकमेकांची मालकी ओळखतात. शास्त्र मालकी निर्माण करीत नाही, लोकांत चालत असलेल्या गोष्टीला व्यवस्था लावते. बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर, धर्मग्रंथावर टीका लिहिता लिहिता एका संन्यस्त पंडिताने हे म्हणावे, याचे मोल फार आहे. निपुत्रिक आणि विभक्त पुरुषाच्या विधवेला वारसा मिळतो हे त्याने विरोधी वचने खोडून ठामपणे मांडले. स्त्रीला वारशाने, खरेदीने किंवा वाटणीत मिळालेली मिळकतही त्याने स्त्रीधनातच धरली. हे औदार्य पुढे इंग्रजी न्यायालयांना पेलले नाही. प्रिव्ही कौन्सिलने त्याचा अर्थ आखडून घेतला.

ग्रंथाकडून पुन्हा दगडाकडे वळायला आमच्या भागात लांब जावे लागत नाही. गदग जिल्ह्यातले लक्ष्मेश्वर, जुने पुलिगेरे. इ.स. 725 च्या सुमारास बादामीच्या चालुक्यांचा युवराज विक्रमादित्य याने तिथल्या महाजनांना आणि अठरा प्रकृतींना ‘आचारव्यवस्था’ दिली, आणि ती कन्नडमध्ये दगडावर कोरलेली आहे. राजाच्या माणसांनी काय पाळायचे हे तिच्यात आधी सांगितले आहे: रिकाम्या घरांचे, राजाने दिलेल्या दानांचे, ताम्रशासनांचे, चालत आलेल्या मर्यादांचे आणि लोकांच्या वहिवाटीचे रक्षण. मग नगरवासीयांची देणी, कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे. चोरीचे आणि दशापराधांचे दंडही तिथल्या श्रेणीकडे भरायचे. राजसत्ता आणि नगर यांच्यातला हा परस्परांवर बंधन घालणारा करार आहे. त्यात अधिकाऱ्याच्या हातालाही मर्यादा घातली आहे. माझ्या मते हा लेख कायद्याच्या प्रत्येक महाविद्यालयात पहिल्या वर्षी शिकवला जायला हवा.

मात्र इथवर वाचून छाती फुगत असेल, तर पुढचेही वाचले पाहिजे. या व्यवस्थेत एकच अपराध कोणी केला आणि कोणावर केला यावरून शिक्षा बदलत असे. मनूने चोरीसाठी शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट दोष सांगितला, हे वचन अभिमानाने उद्धृत केले जाते. पण मारहाण, शिवीगाळ आणि व्यभिचार यांच्या प्रकरणांत तोच मनू शूद्राचे अवयव तोडायला सांगतो आणि ब्राह्मणाला देहदंडातून सोडतो. साक्ष कोणाची घ्यायची आणि कोणते दिव्य कोणाला द्यायचे, यातही वर्ण आडवा येतो. याज्ञवल्क्याच्या नियमात ब्राह्मणाला तराजू आहे आणि शूद्राला विष. या ग्रंथांचा भार ज्यांनी पिढ्यानपिढ्या वाहिला, त्यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. प्राचीन न्यायाच्या इतिहासात त्या घटनेचे स्थान शेवटच्या टिपेत नाही, मुख्य मजकुरात आहे.

आणि कल्याण नगरातच, ‘मिताक्षरे’नंतर जेमतेम अर्धे शतक लोटले असताना, बसवण्णांच्या शरणांनी याच व्यवस्थेला आव्हान दिले. ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चर्मकार हरळय्याचा मुलगा यांचा विवाह झाला आणि बिज्जळ राजाने दोन्ही पित्यांना देहान्त शिक्षा दिली, असे परंपरा सांगते. कल्याण त्यानंतर पेटले. विज्ञानेश्वराचे कल्याण आणि हरळय्याचे कल्याण एकच आहे. एकाचे नाव घेऊन दुसऱ्याबद्दल गप्प बसणारा इतिहास मला नको आहे.

या विषयाचा आधुनिक अभ्यास इंग्रजी राजवटीच्या गरजेतून सुरू झाला. न्यायाधीशांना ‘हिंदू कायदा’ हवा होता, म्हणून 1776 मध्ये हॅलहेडची संहिता आली, 1794 मध्ये जोन्सचा मनू, आणि 1810 मध्ये कोलब्रूकने ‘मिताक्षरा’ व ‘दायभागा’ची वारसाविषयक प्रकरणे इंग्रजीत आणली. जिवंत, वाद घालणारी परंपरा अशा रीतीने कलमांच्या पुस्तकात गोठली. मुंबई इलाख्याने मात्र जरा वेगळी वाट धरली. 1827 च्या चौथ्या रेग्युलेशनने लिखित कायद्याखालोखाल देशाच्या रूढीला जागा दिली आणि धर्मशास्त्र त्यानंतर ठेवले. धारवाड तेव्हा याच इलाख्यात होते. जिल्हा अदालतींत शास्त्री नेमलेले असत. पुणे, ठाणे, सुरत, धारवाड इथल्या शास्त्र्यांनी न्यायाधीशांना दिलेली उत्तरे गोळा करून वेस्ट आणि ब्यूलर यांनी 1867 पासून त्यांचा संग्रह छापला. ती उत्तरे वाचताना घराघरांतले तंटे डोळ्यांसमोर येतात: दत्तक, विधवेची पोटगी, सावत्र भावांची वाटणी. बहिणीला आणि मुलीला वारसा देण्यात मुंबईची न्यायालये इतर प्रांतांपेक्षा उदार राहिली, त्यामागेही हीच परंपरा आहे.

विद्वानांत मग पंथ पडले. 1861 साली हेन्री मेन यांनी मांडले की कायदा जन्मजात दर्जाकडून कराराकडे प्रवास करतो, आणि सर्व प्राचीन समाज त्या एका रेषेवर बसवले. ही मांडणी आकर्षक आहे, पण पुलिगेरेचा लेख तिच्यात मावत नाही. दुसरा पंथ राष्ट्रीय अभिमानाचा. त्याने प्रत्येक आधुनिक तत्त्व स्मृतींत शोधले. तिसरा पंथ ग्रंथांचा धागा न् धागा सुटा करून तपासणाऱ्यांचा. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे आणि मुंबईत वकिली करणारे पांडुरंग वामन काणे यात अग्रणी. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1930 साली निघाला आणि पाचवा 1962 साली. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ‘धर्मकोशा’तले व्यवहारकांड सिद्ध झाले. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर ग्रंथ लिहून गोतसभा, महजर (तिच्या निवाड्यांचे लेख) आणि रवादिव्य यांचा तपशील पुढे आणला, आणि कित्तूरच्या महाजनांची परंपरा अठराव्या शतकापर्यंत कशी पोहोचली हे दिसू लागले. अलीकडच्या पिढीत पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी मनूची चिकित्सक आवृत्ती 2005 मध्ये दिली. ग्रंथ आणि लेख एकत्र वाचणारा चौथा पंथ अजून लहान आहे. हे पुस्तक त्याच्या बाजूचे आहे.

आज या विषयाची निकड का? 1 जुलै 2024 पासून 1860 ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. नावांमुळे अनेकांना वाटते की प्राचीन भारतीय न्याय परत आला. कलमे वाचली तर रचना बव्हंशी जुन्याच कायद्याची दिसते. दुसरीकडे, जिथे प्राचीन कायदा खरोखर आपल्या घरात शिरलेला आहे तिथे आपले लक्ष नसते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क मिळायला महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत 1994 साल उजाडले, तेही अविवाहित मुलींपुरते. देशभर सर्व मुलींना तो 2005 मध्ये मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याचा पूर्ण अर्थ 2020 मध्ये स्पष्ट केला. हा हक्क ‘मिताक्षरे’चाच, फक्त मुलाबरोबर मुलीलाही लागू केलेला. तलाठ्याकडे नाव लावायला गेलेल्या बहिणीला भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो, तेव्हा त्या कागदामागे नऊशे वर्षांचा वाद उभा असतो.

हे लेखन नवनगरमध्ये सिद्ध होत आहे, हेही सांगायला हवे. हुबळी आणि धारवाडच्या मधल्या या वसाहतीत कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ 2009 मध्ये सुरू झाले. उच्च न्यायालयाचे खंडपीठ धारवाडला आहे. 2008 मध्ये ते फिरते म्हणून सुरू झाले आणि 2013 मध्ये कायम झाले. चिगरी बसमधून नवनगरला उतरणाऱ्या विद्यार्थ्यांत मराठी घरांतली मुलेही असतात. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात इंग्रजी अशी त्यांची विभागणी आहे. काणे त्यांना इंग्रजीत भेटतात, पुलिगेरेचा लेख कन्नडमध्ये, आणि महजर मोडीत. हे सगळे एका ठिकाणी मराठीत आणावे, एवढाच या पुस्तकाचा पहिला हेतू आहे.

दुसरा हेतू पद्धतीचा. या संग्रहातल्या लेखकांनी प्रत्येक तत्त्वाशेजारी शक्यतो प्रत्यक्ष तंटा ठेवला आहे. सीमावादाचा नियम सांगितला की सीमेचा एखादा निवाडा, कर्जाचा नियम सांगितला की कर्जरोखा. जिथे ग्रंथ आणि व्यवहार जुळत नाहीत तिथे त्यांनी ओढूनताणून जुळवणी केलेली नाही. संस्कृत वचनांचा अर्थ मराठीत दिला आहे आणि कन्नड लेखांचाही, म्हणून ज्यांना या दोन्ही भाषा येत नाहीत त्यांनी बिचकू नये.

काही क्षेत्रे मुद्दाम बाहेर ठेवली आहेत. सह्याद्रीतल्या गवळी-धनगर आणि सिद्दी वस्त्यांच्या पंचायती, तसेच आदिवासींच्या न्यायाच्या रीती, यांना लेखी साधने थोडी आहेत आणि त्यांचा अभ्यास त्या वस्त्यांत राहूनच करावा लागेल. तो या संग्रहात उरकून टाकणे अन्यायाचे झाले असते. आदिलशाहीतल्या काझी-न्यायाचाही इथे ओझरताच उल्लेख येतो, कारण त्याची कागदपत्रे फारसीत आहेत आणि त्यांच्यासाठी फारसी जाणणारे सहकारी हवेत. विधी विद्यापीठात किंवा इतिहास विभागात असे कोणी हे वाचत असतील, तर दुसऱ्या भागाची आखणी सुरू आहे, त्यांनी त्यात यावे.